रिस्क संगणकावर: खेळायचं कसं, आणि फासे फितूर आहेत का हे तपासायचं कसं



पेटचा अभ्यास, प्रपोजल, गाईडची शोधाशोध यात तुम्ही बुडालेले असणार, कल्पना आहे. तरी आज एका खेळाविषयी लिहितेय. खेळाचं नाव रिस्क. जगाचा नकाशा, त्यावर सैन्य, फासे टाकून लढाया, आणि शेवटी सगळं जग एकाच्या ताब्यात. तो संगणकावर कसा खेळायचा हे सांगतेच. पण त्याच्याच नादात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती भर सेमिनारमध्ये कळली. तीही सांगायची आहे, कारण अशी चूक कुठल्याही विषयात होऊ शकते.

आधी पट समजून घेऊ

हा खेळ आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने तयार केला. 'द रेड बलून' हा प्रसिद्ध लघुपट त्याचाच. १९५७ मध्ये खेळ फ्रान्समध्ये आला, १९५९ मध्ये पार्कर ब्रदर्सने अमेरिकेत 'रिस्क' या नावाने काढला. संगणकावर आणि मोबाईलवर आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या मिळतात. 'डॉमिनेशन' नावाची एक मुक्त स्रोत आवृत्ती जावामध्ये लिहिलेली आहे, 'रिस्क: ग्लोबल डॉमिनेशन' हे अधिकृत ॲप आहे. बटणं आणि रंग वेगळे असतात, नियमांचा गाभा तोच.

मूळ नकाशावर ४२ प्रदेश आणि ६ खंड आहेत. प्रदेश म्हणजे खरे देश नव्हेत. अख्खा भारत हा एक प्रदेश आहे, तसाच कामचाट्का हाही एक. प्रत्येक प्रदेशावर कोणाचं तरी किमान एक सैन्य असतंच. एखादा पूर्ण खंड तुमच्या ताब्यात असेल तर प्रत्येक फेरीला जादा सैन्य मिळतं: आशियाला ७, युरोप आणि उत्तर अमेरिकेला ५-५, आफ्रिकेला ३, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला २-२.

नवा खेळाडू आशियाचे ७ बघून हुरळतो. पण खंड जिंकण्याइतकंच तो राखणंही महत्त्वाचं असतं. आशियात १२ प्रदेश आहेत आणि बाहेरून हल्ला होऊ शकेल असे त्यातले ५. ऑस्ट्रेलियात ४ प्रदेश आणि आत यायची वाट एकच, सयामहून इंडोनेशियात. म्हणजे एक दार राखलं की दर फेरीला २ सैन्य नक्की. दक्षिण अमेरिकेला दोन दारं, आफ्रिका आणि उत्तर अमेरिकेला तीन-तीन, युरोपला चार. सुरुवात छोट्या खंडापासून करावी असं म्हणतात ते यासाठीच.

एक फेरी कशी खेळायची

खेळ सुरू करताना संगणक आधी काही गोष्टी विचारतो: प्रतिस्पर्धी किती, त्यातली माणसं किती आणि संगणकाचे खेळाडू किती, ते सोपे हवेत की कठीण, सुरुवातीचे प्रदेश आपोआप वाटायचे की एकेक निवडायचे. पहिल्यांदा खेळत असाल तर संगणकाचे दोन-तीन सोपे खेळाडू घ्या आणि वाटप आपोआप होऊ द्या.

मग तुमची पाळी आली की तीन टप्पे.

पहिला टप्पा, नवी कुमक. तुमच्याकडे जितके प्रदेश आहेत त्याला ३ ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. १४ प्रदेश असतील तर ४ सैन्य. उत्तर ३ पेक्षा कमी आलं तरी ३ मिळतातच. शिवाय खंडाचं जादा सैन्य. हा हिशोब संगणक करतो, तुम्ही फक्त कुठे ठेवायचं ते प्रदेशावर क्लिक करून सांगायचं. इथे सगळ्यांची एक चूक होते: थोडं इथे, थोडं तिथे. तसं करू नका. ज्या सीमेवरून हल्ला करणार आहात, तिथेच सगळं ठेवा.

दुसरा टप्पा, हल्ला. आपल्या प्रदेशावर क्लिक, मग शेजारच्या शत्रूच्या प्रदेशावर क्लिक. हल्ला करणारा जास्तीत जास्त ३ फासे टाकू शकतो, बचाव करणारा जास्तीत जास्त २. हल्ला करताना एक सैन्य मागे राहिलंच पाहिजे, म्हणजे ३ फासे टाकायला त्या प्रदेशावर किमान ४ सैन्य लागतं. दोघांचे फासे मोठ्याकडून लहानाकडे लावायचे. मोठ्याशी मोठा, दुसऱ्याशी दुसरा अशी जोडी लावायची. प्रत्येक जोडीत ज्याचा आकडा लहान, त्याचं एक सैन्य जातं. आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो. हे वाक्य मी ठळक का केलंय ते पुढे कळेलच.

तिसरा टप्पा, सैन्य हलवणं. फेरीच्या शेवटी एका प्रदेशावरचं सैन्य आपल्याच दुसऱ्या प्रदेशावर नेता येतं. मूळ नियमात फक्त शेजारच्या प्रदेशात, काही आवृत्त्यांत सलग जोडलेल्या कुठल्याही प्रदेशात. आत अडकून पडलेलं सैन्य सीमेवर आणायची ही एकच संधी, ती विसरू नका.

एका फेरीत तुम्ही निदान एक प्रदेश जिंकलात तर एक कार्ड मिळतं. एकाच चित्राची तीन किंवा तीन वेगवेगळ्या चित्रांची तीन कार्डं झाली की ती देऊन सैन्य घ्यायचं. नेहमीच्या नियमात पहिल्या संचाला ४, मग ६, ८, १०, १२, १५ आणि पुढे दरवेळी ५ वाढत जातात. एखाद्या खेळाडूला तुम्ही संपवलंत तर त्याची कार्डंही तुमची होतात. त्यामुळे ज्याच्याकडे कार्डं खूप आणि सैन्य कमी, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

माझा संशय

हॉस्टेलवर रात्री मी हा खेळ खेळायला लागले ते काम अडल्यामुळे. आणि हरायला लागले. माझी ठाम समजूत झाली की संगणक फाशांत लबाडी करतो. दोन सैन्यं घेऊन एकट्या सैन्यावर हल्ला करावा, दोघांचा एकेक फासा, आणि पुन्हा पुन्हा मीच हरावं! रूममेट म्हणाली, "अगं, गेम आहे, झोप आता." मी ते बोलता बोलता माझ्या गाईड मॅडमनाही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "किती वेळा टाकलेस? लिहून ठेवलंयस का?"

लिहून ठेवलं नव्हतं. मग वही केली.

पहिल्या वहीतली पानं मॅडमनी तिथल्या तिथे बाद केली. मी फक्त महत्त्वाच्या लढायांची नोंद केली होती. महत्त्वाची लढाई कुठली? तर जी हरल्यावर मनाला लागली ती! अशा नोंदीतून फासे फितूरच दिसणार. दुसऱ्या वेळी आधी ठरवलं: एकास एक फाशाच्या १०० लढाया, एकही न गाळता, आणि शंभर झाल्या की थांबायचं. मनासारखं दिसायला लागलं म्हणून आधी थांबायचं नाही, दिसत नाही म्हणून पुढे जायचं नाही. शेवटी माझ्या विजयांचा आकडा चाळिशीच्या आसपास आला.

आता तुलना कशाशी करायची? मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन यादृच्छिक आकडे घ्या, जिंकलं कोण ते मोजा, लाख वेळा करा. उत्तर आलं: हल्ला करणारा ५८ टक्के वेळा जिंकायला हवा.

५८ कुठे आणि चाळीस कुठे! १०० लढायांमध्ये योगायोगाने होणारा चढउतार, म्हणजे प्रमाणित त्रुटी, साधारण ५ टक्के असते. माझा फरक त्याच्या तिपटीहून जास्त. कुठल्याही चाचणीत हे सार्थ ठरलं असतं. मी आलेख काढला, आणि विभागाच्या सेमिनारमध्ये 'संगणकीय फाशांची निःपक्षपातीपणाची चाचणी' असं भारदस्त नाव देऊन मांडलाही.

प्रश्नांच्या वेळी एमएस्सीच्या एका मुलीने हात वर केला. "ताई, बरोबरी झाली तर कोण जिंकतं?"

मी म्हटलं, बचाव करणारा. ती म्हणाली, "मग ५८ कसे?"

फळ्यावर मोजायला एक मिनिट लागलं. दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यात ६ बरोबरीच्या. उरलेल्या ३० पैकी निम्म्या, म्हणजे १५ मध्ये हल्ला करणारा मोठा. ३६ पैकी १५, म्हणजे ४१.६७ टक्के. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'पेक्षा मोठा' ऐवजी 'पेक्षा मोठा किंवा समान' असं चिन्ह पडलं होतं. १५ अधिक ६, २१. छत्तिसात एकवीस म्हणजे बरोबर ५८.३३. नियम मला तोंडपाठ होता, पण प्रोग्रॅममध्ये उतरला नव्हता.

वही खरी होती. फासे खरे होते. खोटी होती ती माझी अपेक्षा. आणि ती मी तपासली नाही, कारण तिने मला हवं तेच उत्तर दिलं होतं. प्रोग्रॅमने ३० टक्के दाखवले असते तर मी रात्रभर जागून चूक शोधली असती.

असं मोठ्यांच्याही बाबतीत होतं

लाजेतून बाहेर यायला मला एका जुन्या लेखाची मदत झाली. १९९७ मध्ये बारिश टॅन यांनी 'मॅथेमॅटिक्स मॅगझिन' या नियतकालिकात रिस्कमधल्या लढाईचं गणित मांडलं. कल्पना सुंदर आहे. लढाईची अवस्था म्हणजे दोन आकडे: हल्ला करणाऱ्याचं सैन्य आणि बचाव करणाऱ्याचं सैन्य. पुढे काय होणार ते फक्त या अवस्थेवर ठरतं, इथवर कसे पोचलो त्यावर नाही. यालाच मार्कोव्ह साखळी म्हणतात. एका अवस्थेतून दुसरीत जायच्या संभाव्यता एकदा मिळाल्या की अख्ख्या लढाईचा निकाल काढता येतो.

पण त्या संभाव्यता काढताना एक गृहीतक चुकलं: स्वतंत्रतेचं. २००३ मध्ये त्याच नियतकालिकात जेसन ऑस्बोर्न यांनी ते दाखवून दिलं आणि सगळी गणितं नव्याने केली. चौकट टॅन यांचीच ठेवली, आत जाणारे आकडे बदलले.

स्वतंत्रतेत गोम काय असते ते आपण स्वतः करून पाहू. तीन फाशांनी दोनवर हल्ला केलाय. माझा सगळ्यात मोठा फासा त्यांच्या मोठ्याला हरवतो याची शक्यता ४७.१६ टक्के. माझा दुसरा त्यांच्या दुसऱ्याला हरवतो याची ६०.७५ टक्के. मग दोन्ही जोड्या मीच जिंकण्याची शक्यता किती? हात शिवशिवतात गुणाकार करायला. उत्तर येतं साधारण २८.६५ टक्के. पण पाच फाशांच्या ७७७६ शक्यता एकेक करून मोजल्या तर २८९० मध्ये दोन्ही जोड्या माझ्या असतात, म्हणजे ३७.१७ टक्के. एवढा फरक का? कारण फासे टाकताना स्वतंत्र असतात, पण उतरत्या क्रमाने लावले की स्वतंत्र राहत नाहीत. माझा दुसरा फासा ६ असेल तर पहिला ६ असणारच! एक जोडी जिंकलेला हात दुसरीही जिंकण्याची शक्यता जास्त.

याचा परिणाम खेळण्याच्या सल्ल्यावरही झाला. नव्या गणितात हल्ला करणाऱ्याची बाजू आधी वाटली त्यापेक्षा बरीच भक्कम निघाली. हल्ल्याला ३ आणि बचावाला ३ सैन्य असेल तर हल्ला करणारा ४७ टक्के वेळा जिंकतो. ५ विरुद्ध ५ असेल तर ५०.६, आणि १० विरुद्ध १० असेल तर ५६.८ टक्के. (यात मागे राहणारं एक सैन्य धरलेलं नाही.) म्हणजे लढाई मोठी असेल तर घाबरू नका, हल्ला करा.

'रिसर्च गॅप' हा शब्द तुम्ही प्रपोजलमध्ये दहा वेळा लिहिणार आहात. कोणीच हात न लावलेला विषय म्हणजे गॅप, असं मला आधी वाटायचं. इथे गॅप एका छापून आलेल्या, चांगल्या लेखाच्या एका गृहीतकात होती. ती ज्याने बसून मोजलं त्याला सापडली.

खेळताना लक्षात ठेवायचे आकडे

तीन फासे विरुद्ध दोन: दोन्ही सैन्यं त्यांची जाण्याची शक्यता ३७.१७ टक्के, दोघांचं एकेक जाण्याची ३३.५८, दोन्ही तुमची जाण्याची २९.२६. सरासरी काढली तर दर टाकीला तुमचं ०.९२ सैन्य जातं आणि त्यांचं १.०८. फायदा थोडाच आहे, पण तुमच्या बाजूने आहे.

दोन फासे विरुद्ध दोन: चित्र उलटतं. तुमचं सरासरी १.२२ जातं, त्यांचं ०.७८. म्हणून हल्ला करता करता प्रदेशावरचं सैन्य ४ च्या खाली आलं आणि समोर दोन किंवा जास्त असतील, तर थांबा. संगणकाच्या आवृत्त्यांत शेवटपर्यंत आपोआप फासे टाकत राहणारं एक बटण असतं. ते दाबलं की हा थांबायचा निर्णय तुमच्या हातून जातो. मी बऱ्याच लढाया अशाच घालवल्या आहेत.

तीन फासे विरुद्ध एक: जिंकण्याची शक्यता ६५.९७ टक्के. म्हणून आपल्या सीमेवर एकटं सैन्य ठेवू नका. दुसरं ठेवलं की बचावाला दुसरा फासा मिळतो.

तुम्हालाही फासे फितूर वाटत असतील तर

आधी सेटिंग बघा. 'रिस्क: ग्लोबल डॉमिनेशन'मध्ये फाशांचे दोन प्रकार आहेत. एक खरोखर यादृच्छिक, दुसरा संतुलित, ज्यात अगदी टोकाचे निकाल छाटलेले असतात. म्हणजे ज्याची तुम्ही चाचणी करताय तो खेळ वरच्या गणितातला आहे की नाही, हेच पहिलं ठरवायचं.

मग अपेक्षित आकडा हाताने काढा. प्रोग्रॅम लिहिणार असाल तर सगळ्यात छोटी, हाताने सुटणारी लढाई त्याला आधी सोडवायला द्या. ती जुळल्याशिवाय मोठीकडे जाऊ नका. प्रोग्रॅममध्ये यादृच्छिक आकड्यांचा सीड लिहून ठेवा. तोच सीड दिला की तेच आकडे पुन्हा येतात, आणि तुमचं काम दुसऱ्याला जसंच्या तसं तपासता येतं.

आणि पुरेसं मोजा. एकास एकच्या १०० लढायांत ३२ विजय आले काय किंवा ५१ आले काय, दोन्ही निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. १००० लढाया केल्यात तर ही पट्टी ४१.६७ च्या दोन्ही बाजूंना साधारण ३ टक्क्यांवर येते. संशय बारीक असेल तर मोजणी लांब करावी लागते, त्याला इलाज नाही.

सेमिनारनंतर मॅडम काय म्हणतील या धास्तीने मी दोन दिवस त्यांच्या केबिनकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं आणि माझ्या खऱ्या विषयाचा प्रोग्रॅम उघडायला सांगितला. "यातली सगळ्यात छोटी केस हाताने करून बघितलीस?" बघितली नव्हती. त्या दुपारी केली, आणि माझं अडलेलं काम नेमकं तिथेच अडलं होतं.

आता तुमच्यासाठी एक गणित. हल्ला करणाऱ्याचा एकच फासा, बचाव करणाऱ्याचे दोन. एकूण २१६ शक्यता. हल्ला करणारा किती वेळा जिंकतो ते कागदावर मोजा. उत्तर ५५ आलं तर खेळायला बसा. ९१ आलं तर बरोबरी कोणाला दिलीत ते एकदा बघा.